पाऊस ओसरल्यावर पेट्यांपुढे रांगणाऱ्या मधमाश्या, दारावर डाग : पाकातून औषध द्यावं का?

मधुरा_वेल्हे (धागाकर्ती)
नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचत होते, आज अडले म्हणून लिहितेय.

वेल्ह्याजवळ आमच्या शेतात १२ पेट्या आहेत. ८ सातेरीच्या (आपली देशी माशी), ४ मेलिफेराच्या (युरोपियन माशी). मेलिफेरा यंदा एप्रिलमध्ये एका फिरत्या मधपाळाकडून विकत घेतल्या. जुलै-ऑगस्टमध्ये पावसानं उसंतच दिली नाही, आठ-आठ दिवस माश्या बाहेर पडल्या नाहीत. गेल्या आठवड्यात ऊन पडलं म्हणून पेट्या बघायला गेले, तर पाच पेट्यांच्या दारावर आणि पुढच्या फळीवर तपकिरी-पिवळे ओघळ. दोन मेलिफेरा पेट्यांपुढे माश्या गवतात रांगत होत्या. पोट फुगलेलं, उडायला जातात आणि पडतात. त्यातल्या एका पेटीत पाच फ्रेमवरच्या (पोळ्याच्या चौकटींवरच्या) माश्या आता तीनवर आल्यात. राणी आहे, पिलावाही (अंडी, अळ्या) बरा दिसतो.

दुकानात विचारलं तर ऑक्सिटेट्रासायक्लिनची पुडी दिली. म्हणाले, पाकात घालून बाराही पेट्यांना द्या, म्हणजे पसरणार नाही. पुडी घरी आहे, पाक करायला घ्यायचा आहे. देऊ का? रात्री झोप लागत नाहीये.

घाटमाथा
मधुराताई, थांबा. पुडी कपाटात ठेवा, गॅस बंद करा. सविस्तर कोणीतरी लिहीलच.

नाना_पशुवैद्य
लिहितो. मी गुरांचा डॉक्टर, पण निवृत्तीनंतर १५ वर्षं माश्या पाळतोय.

तुम्ही सांगता ती लक्षणं नोसेमाशी जुळतात. नोसेमा हा पूर्ण वाढलेल्या माशीच्या मधल्या आतड्याचा रोग. बीजाणू तोंडावाटे पोटात जातो, आतड्यात पोचल्यावर एक बारीक नळी झटक्यात बाहेर फेकतो, ती आतड्याच्या पेशीत घुसते आणि त्या वाटेनं रोग आत उतरतो. काही दिवसांत ती पेशी नव्या बीजाणूंनी भरून फुटते. माशीनं खाल्लेलं पचत नाही. पिलांना खाऊ घालणाऱ्या तरुण माशीच्या डोक्यातल्या दूधग्रंथी सुकतात, ती वेळेआधीच बाहेरच्या कामाला लागते आणि लवकर मरते. म्हणून पिलावा ठीक दिसतो आणि पेटी मात्र रिकामी होत जाते. तुमच्या पाचाच्या तीन फ्रेम मला त्यामुळेच खटकल्या.

पण नुसत्या डागांवरून नोसेमा म्हणू नका, आधी माश्या तपासून घ्या. खूप दिवस कोंडलेली माशी पहिल्या उन्हात बाहेर पडली की तसंही दारातच घाण करते. आणि रांगणाऱ्या माश्या विषबाधेतही दिसतात. आजूबाजूला कुणी भातावर फवारणी केली का? विषबाधेत एकदम ढीग पडतो आणि पुष्कळ मेलेल्या माश्यांची जीभ बाहेर आलेली असते. पक्षाघाताचा विषाणू असेल तर माश्या थरथरतात, अंगावरचे केस झडून काळ्या तुकतुकीत दिसतात.

आता औषधाचं. ऑक्सिटेट्रासायक्लिन जिवाणूंवर चालतं. नोसेमा जिवाणू नाही, बुरशीच्या कुळातला आहे. दगडावर फवारल्यासारखं होईल.

राजापूरची_सई
आमच्याकडे आजी पाकात ओव्याचं पाणी आणि चिमूटभर हळद घालायची. ओव्यानं माणसाचं पोट बरं होतं, माशीचं का नाही होणार? आमच्या माश्या कधी आजारी पडल्या नाहीत.

घाटमाथा
सईताई, ओव्यातल्या थायमॉलवर लोकांनी प्रयोग केलेत हे खरं. पण ते मोजून दिलेल्या थायमॉलवर. काढ्यात किती उतरलं कुणाला ठाऊक? जास्त झालं की माश्या पाकाला तोंड लावत नाहीत, आणि सातेरी तर रुसून पेटीच सोडते. हळद तेवढी भाजीत राहू दे.

फिरता_मधपाळ
इथे सगळे शहाणे दिसतात म्हणून रोखठोक लिहितो. माझ्या ३०० मेलिफेरा पेट्या. सूर्यफूल, कांद्याचं बियाणं, डाळिंब, मग मोहरीसाठी राजस्थान. ट्रकवर पेट्या चढवायच्या आधी आम्ही पाकातून हीच पुडी देतो. सगळेच देतात. माझं घर यावर चालतं. एक पेटी बसली की तिच्याबरोबर परागीभवनाचं भाडं पण जातं. तपासणी-बिपासणी १२ पेट्यांना ठीक आहे, ३०० पेट्यांच्या माश्या कोण फोडून तपासत बसणार? ताई, द्या आणि मोकळ्या व्हा.

सूक्ष्म_प्रिया
दादा, तुमचं नुकसान खरं आहे, ते मी हलकं करत नाही. पण या पुडीनं ते वाढतंय असं मला मनापासून वाटतं, म्हणून लांबलचक लिहिते. मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते.

माशीच्या आतड्यात स्वतःच्या जिवाणूंची वस्ती असते. नुकत्याच बाहेर आलेल्या माशीचं आतडं जवळजवळ कोरं असतं, पोळ्यावर फिरताना, बहिणींच्या सहवासात ती हे जिवाणू घेते. स्नॉडग्रासेला नावाचा जिवाणू आतड्याच्या भिंतीला अस्तरासारखा चिकटतो, त्यावर गिलियामेला राहतो. परागाच्या कवचातलं पेक्टिन फोडायला गिलियामेला मदत करतो. टेट्रासायक्लिन देऊन माश्या परत पोळ्यात सोडल्या आणि तीन दिवसांनी मोजल्या, तर औषध न दिलेल्यांपेक्षा त्या कमी सापडल्या. हा टेक्सास विद्यापीठाचा २०१७ चा अभ्यास. म्हणजे रोग तसाच, वर आतड्याचं अस्तर आपण खरवडून काढलं.

दुसरी गोष्ट मधात उरणारा औषधाचा अंश. २०१० मध्ये दिल्लीच्या विज्ञान आणि पर्यावरण केंद्रानं बाजारातल्या मधात प्रतिजैविकं सापडल्याचं जाहीर केलं, त्याच वर्षी युरोपनं भारतीय मधाची आयात थांबवली होती. ते परत सुरू व्हायला वर्षाहून जास्त लागलं. एका पुडीची किंमत शेवटी सगळ्या मधपाळांनी भरली.

फिरता_मधपाळ
हंगामाच्या दोन महिने आधी देतो, मध काढताना नाही. पण आतड्याचं जे लिहिलंत ते मला कुणी सांगितलं नव्हतं. बघतो.

बर्फाळ_मराठी (एडमंटन, कॅनडा)
माझा १० पेट्यांचा छंद आहे. इकडे माश्या नोव्हेंबर ते मार्च कोंडलेल्या असतात, त्यामुळे नोसेमा म्हणजे घरचाच शत्रू. मार्चमध्ये पारा वर गेला की त्या पहिल्यांदा शौचाला उडतात, पेटीपुढच्या पांढऱ्या बर्फावर पिवळे ठिपकेच ठिपके. पहिल्या वर्षी मी घाबरून गेलो होतो, नंतर कळलं की ठिपके बर्फावर असणं चांगलं, पेटीच्या आत असणं वाईट.

इथे फ्युमॅजिलिन नावाचं औषध शरद ऋतूत पाकातून देतात. १९५० च्या दशकापासून नोसेमावर हेच एक औषध नाव घेण्यासारखं आहे. २०१८ मध्ये बनवणारी कंपनी बंद पडली, काही काळ मिळेना, मग परत आलं. युरोपीय संघात मात्र ते माश्यांसाठी मंजूर नाही.

मधुराताईंना तिकडे मिळेल का माहीत नाही, पण मिळालं तरी आधी तपासा एवढंच म्हणेन. हे औषध बीजाणू मारत नाही, आतड्यात वाढणाऱ्या अवस्थेवर चालतं. पोळ्यावरची घाण तशीच राहिली तर पुन्हा पहिल्यापासून. त्यात २०१३ मध्ये इलिनॉय विद्यापीठाच्या लोकांना दिसलं की औषधाचा अंश विरळ होत गेला की नोसेमा सेराना उलट जास्त फोफावतो. ते वाचल्यापासून मी दरवर्षी डोळे मिटून देणं थांबवलं.

कोवळं_ऊन
नोसेमा सेराना? सेराना म्हणजे आपली सातेरी ना? आपल्या माशीच्या नावाचा रोग?

सूक्ष्म_प्रिया
हो ना! सातेरीचं शास्त्रीय नाव एपिस सेराना. नोसेमा दोन. जुना नोसेमा एपिस, जर्मनीत झांडर यांनी १९०९ मध्ये वर्णन केलेला, युरोपियन माशीतला. दुसरा १९९६ मध्ये चीनमधल्या सेराना माश्यांत सापडला म्हणून नोसेमा सेराना. दहा वर्षांच्या आत तो तैवान आणि स्पेनमध्ये मेलिफेरात मिळाला, आणि मग जगभर. आता दोघांना व्हेरीमॉर्फा म्हणावं असं २०२० पासून म्हणतात, पण मधपाळांच्या तोंडी नोसेमाच आहे.

पेटीजवळ उभं राहिलेल्याला उपयोगी फरक असा : नोसेमा एपिसमध्ये हगवणीचे डाग पडतात. नोसेमा सेरानात बहुतेकदा डाग नसतातच, पेटी गुपचूप विरळ होत जाते. एपिस थंडी-पावसाळ्यानंतर डोकं वर काढतो, सेराना उष्ण हवेतही टिकतो. म्हणजे आपल्याकडे डाग नाहीत म्हणून पेटी निरोगी असं धरता येत नाही.

शिरसीचा_जावई
थोडं विषयांतर. माझी सासुरवाडी उत्तर कन्नडात, शिरसीजवळ. सासऱ्यांकडे सुपारीच्या बागेत ४० पेट्या तुडव्याच्या, म्हणजे तुमच्या सातेरीच्या. १९९१-९२ मध्ये दक्षिणेत थाई सॅकब्रूड विषाणू आला तेव्हा दोन महिन्यांत सगळ्या रिकाम्या. सासरे आजही सांगताना गप्प होतात. त्यांनीही त्या वेळी कुणी दिलेली प्रतिजैविकाची पावडर पाकातून दिली होती. विषाणूला ती काय करणार? जी काही वसाहत पुढे वाढली ती जंगलातल्या ढोलीतून आणलेल्या माश्यांपासून. रोग कोणता ते कळायच्या आधी औषध दिलं, हे त्यांच्या मनाला अजून लागून आहे.

तो रोग पिलाव्याचा, अळी पिशवीसारखी होऊन मरते. मधुराताईंचा पिलावा बरा आहे म्हणजे तो नसावा.

मधुरा_वेल्हे
सगळ्यांचे आभार. पुडी उघडलेली नाही. नाना, भातावर फवारणी नाही, विचारून आले. जीभ बाहेर नाही, थरथर नाही.

एक सांगायचं राहिलं. पावसात साखर संपली तेव्हा तीन आठवडे सातेरीच्या तीन पेट्यांना गुळाचं पाणी दिलं. गूळ नैसर्गिक, साखरेपेक्षा चांगला असं वाटलं. डाग पडलेल्या पाचांत त्या तिन्ही आहेत.

नाना_पशुवैद्य
निम्मं उत्तर तुम्हीच दिलंत. गुळात खनिजं आणि न पचणारा मळ भरपूर. माणसाला तो चांगला, कोंडलेल्या माशीला नाही. ती पेटीत घाण करत नाही, पोटात धरून ठेवते. पोटात मळ जास्त आणि बाहेर पाऊस, मग नाइलाजानं दारातच. काकवी, तपकिरी साखर, आंबलेला पाक, सगळ्यांचं तेच. फक्त पांढरी साखर. पावसाळ्यात १ किलोला १ लिटर पाणी, थोडा थोडा, संध्याकाळी, दोन दिवसांत संपेल एवढाच. पाकात लिंबू पिळून उकळू नका, आम्लात तापवलेली साखर माशीच्या आतड्याला बाधते.

राजापूरची_सई
अरे देवा. आम्ही पण दर श्रावणात गूळच देतो. डाग दिसले की आजी म्हणायची, पोट साफ होतंय. या वर्षी साखर.

मधुरा_वेल्हे
पण मेलिफेराच्या दोन पेट्यांना गूळ दिलेला नाही, आणि रांगणाऱ्या माश्या त्यांच्याच पुढे आहेत. त्यांची तपासणी घरी होते का?

घाटमाथा
अंदाज घरी येतो. रांगणाऱ्या चार-पाच माश्या डबीत घालून फ्रीझरमध्ये ठेवा, मरू द्या. मग एका हातानं छाती धरा, चिमट्यानं नांगीचं टोक धरून हळूच ओढा. आतडं अख्खं बाहेर येतं. मधलं आतडं निरोगी असेल तर पिवळट-तपकिरी, त्यावर वळ्या स्पष्ट. नोसेमा वाढलेला असेल तर पांढरं दुधी, सुजलेलं, वळ्या गेलेल्या. पहिल्या दोन-तीन माश्या तुटतील, मग हात बसतो. मी महाबळेश्वरला प्रशिक्षणात शिकलो होतो.

पण आतडं चांगलं दिसलं म्हणजे रोग नाही असं नव्हे. सुरुवातीला काहीच दिसत नाही.

सूक्ष्म_प्रिया
खात्री सूक्ष्मदर्शकानं. जवळच्या महाविद्यालयात प्राणिशास्त्राचे शिक्षक असतील तर त्यांना गाठा. ४०० पट मोठं दिसेल असं भिंग पुरतं.

प्रत्येक पेटीच्या ३० माश्या, ६० मिळाल्या तर उत्तम. दुपारी दार पाच-दहा मिनिटं बंद करा, बाहेरून परतलेल्या दारावर जमतात, त्या घ्या. वयस्क माश्यांत रोग जास्त असतो, आतल्या तरुण घेतल्या तर फसगत होते. पोटं वेगळी करून खलात कुटा, माशीमागे १ मिलिलिटर पाणी घाला, गाळा, थेंब काचपट्टीवर. तांदळाच्या दाण्यासारखे लंबगोल, चकाकणारे, कडा ठसठशीत असे बीजाणू दिसतात. परागकण त्याहून खूप मोठे, गोंधळ होणार नाही. रक्तपेशी मोजायची काचपट्टी असेल तर मोजताही येतात. माशीमागे १० लाख हा जुना ठोकताळा, त्यावर गेलं की काळजी. एपिस की सेराना हे मात्र भिंगाखाली सांगणं अवघड, त्याला डीएनए तपासणी लागते.

पुण्यात शिवाजीनगरला केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, १९६२ पासूनची. तिथेही विचारून बघा.

कोवळं_ऊन
या माश्यांचा मध खाल्ला तर आपल्याला काही?

सूक्ष्म_प्रिया
नाही. हा रोग माणसाला होत नाही. पण तो मध दुसऱ्या पेटीला खाऊ घालू नका.

मधुरा_वेल्हे (नऊ दिवसांनी)
उशिराबद्दल क्षमस्व. मुलाच्या महाविद्यालयातल्या सरांनी दोन दुपारी दिल्या, त्यांचे उपकार विसरणार नाही. बाराही पेट्यांच्या माश्या नेल्या.

सातेरी : आठपैकी सात पेट्यांत काहीच नाही. एकीत तुरळक, मोजण्याइतके नाहीत. गूळ खाल्लेल्या तिन्हींत एकही बीजाणू नाही! साखरेच्या पाकावर आणल्यापासून नवे डाग पडलेले नाहीत.

मेलिफेरा : ९ नंबर माशीमागे ३८ लाख. १० नंबर २१ लाख. १२ नंबर ६ लाख, आणि तिच्या दारावर एकही डाग नव्हता. ११ नंबर स्वच्छ.

भिंगातून ते चकाकणारे दाणे पहिल्यांदा बघितले तेव्हा पोटात गोळा आला. दुकानदाराच्या सांगण्यावरून बाराही पेट्यांना पुडी दिली असती तर आठ सातेरींना विनाकारण दिली असती आणि या तिघींना काडीचा उपयोग नव्हता. आता काय करू?

नाना_पशुवैद्य
शाबास. १२ नंबरच्या कोऱ्या दाराकडे सगळ्यांनी बघा, प्रियाताई म्हणाल्या ते हेच.

आता या तिघींच्या फ्रेम कशा आहेत? जुन्या होऊन काळ्या पडलेल्या?

मधुरा_वेल्हे
काळ्याकुट्ट. उजेडाकडे धरल्या तर आरपार काही दिसत नाही. आल्या तशाच वापरल्या.

नाना_पशुवैद्य
मग बीजाणू त्यांतच आहेत. रोगी माशी पोळ्यावर घाण करते, दुसरी ती चाटून साफ करते, तिलाही लागण. माझा सल्ला :

९ नंबरच्या माश्या कमी आहेत, तिला लहान जागेत आणा. तिच्या माश्या दुसऱ्या पेटीत मिसळू नका, रोग वाटला जाईल. तिन्ही पेट्यांतल्या पिलावा नसलेल्या काळ्या फ्रेम आजच काढा, मेणपत्रा (पोळ्याच्या पायाचा पातळ मेणाचा पत्रा) लावलेल्या नव्या द्या. पिलावा असलेल्या कडेला सरकवा आणि तो निघाला की काढा. राणीलाही लागण होते आणि मग अंडी घटतात. पंधरा दिवसांत अंड्यांची रांग विरळ वाटली तर निरोगी पेटीतून नवी राणी तयार करून द्या. पेट्या जमिनीपासून हातभर वर, दार पुढे किंचित झुकतं, सकाळचं ऊन मिळेल अशी जागा. वर ओल साचू देऊ नका. आधी निरोगी पेट्या हाताळा, या तिन्ही शेवटी, आणि फ्रेम उचकटायची पटाशी धुऊन जाळावर धरा.

आणि पराग. आतडं नव्यानं भरायला प्रथिनं लागतात. सध्या तुमच्याकडे काय फुललंय?

मधुरा_वेल्हे
सोनकी उतरणीला लागलीय. कारळं आता पिवळं व्हायला लागलंय, पलीकडच्या पठारावर भरपूर आहे.

घाटमाथा
मग पेट्या कारळ्याच्या कडेला न्या. आताच्या घडीला तुमच्या भागात त्याहून चांगला दवाखाना नाही. फक्त सातेरीपासून लांब ठेवा आणि दार बारीक करा. दुबळ्या पेटीत लूटमार झाली तर लुटणाऱ्या माश्या मधाबरोबर रोग घेऊन घरी जातात. पिण्याच्या पाण्याचं भांडंही वेगळं, पेटीच्या अगदी पुढ्यात नको, उडताना पडलेली घाण त्यात जाते.

बर्फाळ_मराठी
काढलेल्या काळ्या फ्रेम वितळवून मेण करा. ज्या बऱ्या असतील त्या आठवडाभर डीप फ्रीझरमध्ये. सेरानाचे बीजाणू थंडीत कमकुवत पडतात, मेणकिड्याची अंडीही मरतात. एपिससाठी इकडे तीव्र ॲसिटिक आम्लाची वाफ देतात, पण ते कातडी जाळतं, खिळे-तारा खातं. घरी मुलं असतील तर त्या वाटेला जाऊ नका, त्यापेक्षा नवा मेणपत्रा स्वस्त.

राजापूरची_सई
आमच्या फ्रीझरमध्ये आमरसाशेजारी फ्रेम ठेवली तर सासूबाई आधी मला बाहेर ठेवतील! :)

मधुरा_वेल्हे
सई, माझ्याकडे जागा झाली आहे, आमरस गणपतीतच संपला. :)

नाना, घाटमाथा, आजच फ्रेम काढते. नव्या पेट्या घेताना काळ्या फ्रेम नाकारायच्या हे आधी कळलं असतं तर बरं झालं असतं. दिवाळीनंतर पुन्हा ३०-३० माश्या मोजून इथे आकडे टाकते.

नाना_पशुवैद्य
नक्की टाका, कमी झाले तरी आणि वाढले तरी. आणि दर वर्षी पाच फ्रेममागे निदान एक-दोन जुन्या बदलत चला. सातेरी काळं पोळं स्वतःच कुरतडून टाकते, तेवढं ती आपल्याला शिकवते. मेलिफेराला ते आपण करून द्यावं लागतं.

फिरता_मधपाळ
सगळं वाचलं. माझ्या ३०० पेट्यांत किती काळ्या फ्रेम आहेत ते मीच जाणतो. मोहरीला निघायच्या आधी निदान २० पेट्यांच्या माश्या तपासून घ्याव्यात म्हणतो. मधुराताई, तुमच्या सरांना वेळ असेल का? शनिवारी भोरवरून जाणार आहे. माश्या जिवंत आणू का स्पिरिटमध्ये?

मधुरा_वेल्हे
दादा, सरांना विचारलं, या म्हणाले. स्पिरिटमध्ये चालतील. प्रत्येक बाटलीवर पेटीचा नंबर लिहा, आणि माश्या दारातल्याच घ्या, आतल्या नकोत.